फुडें कितें?

जून २०२४. बारावीचे वर्ग सुरू होऊन आठवडा झाला असेल. सावईचा एक मुलगा स्टाफरूमच्या दारात छत्री झटकत उभा राहिला. काखेत दोनशे पानी वही. लिमिटपासून डिफरन्शियल इक्वेशनपर्यंत सगळं कॅल्क्युलस त्याने सुट्टीतच उरकलं होतं, वर कोचिंगच्या पुस्तकातली गणितंही सोडवली होती. मी वही चाळली. अक्षर सुबक, एकही पायरी गाळलेली नाही. मी मान वर केली तेव्हा त्याने विचारलं, "टीचर, आतां फुडें कितें?"

फोंडा तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत मी बावीस वर्षं गणित शिकवते. "हें परीक्षेक येता?" हा प्रश्न मी रोज ऐकते. "पुढे काय" हे त्या दिवसापर्यंत कोणी विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नामुळे आमचा शनिवारचा वर्ग सुरू झाला.

पहिलं पाऊल मी चुकीचं टाकलं. अमेरिकेतल्या ज्या शाळांत मुलं लवकर कॅल्क्युलस संपवतात, तिथे त्यापुढे मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स असे कोर्स असतात, हे मी वाचलेलं होतं. म्हणून मीही त्याच वाटेने निघाले. एका चलाऐवजी दोन चलं, मग पार्शल डेरिव्हेटिव्ह, मग दुहेरी इंटिग्रल. त्याच्याबरोबर आणखी चौघं येऊन बसली. शनिवारी दुपारी दोन ते चार, फिजिक्सच्या लॅबमध्ये, कारण तिथला फळा मोठा. तीन आठवड्यांत सावईच्या मुलाने दुहेरी इंटिग्रलसुद्धा हातावेगळे केले. मला वाटलं, गाडी छान चालली आहे.

तिसऱ्या शनिवारी वेळ उरला म्हणून मी सहज एक प्रश्न घातला. लागोपाठच्या कुठल्याही तीन संख्यांच्या गुणाकाराला सहाने पूर्ण भाग जातो, हे सिद्ध करा. सावईच्या मुलाने दहा उदाहरणं तपासली आणि पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "दहांसाठी झालं. अकराव्यासाठी?" त्याने पेन उचललं आणि अकरावं उदाहरण तपासलं.

त्याच्यावर रागवायचं काही कारण नव्हतं. सिद्ध करणं म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात पूर्वी गणिती विगमनाचा, म्हणजे इंडक्शनचा, धडा होता आणि मॅथेमॅटिकल रीझनिंगचाही होता. २०२२ च्या काटछाटीत दोन्ही गेले. बारावीतून मीन व्हॅल्यू थिअरमही गेला. ओझं कमी करायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण कमी करताना इंटिग्रेशनचे साचे राहिले आणि "कशावरून" शिकवणारे धडे तेवढे निघाले, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्याला इंटिग्रेशनचे पन्नास प्रकार येतात पण अकराव्या उदाहरणापाशी जो थबकत नाही, त्याला कॅल्क्युलसचाच पुढचा मजला बांधून देण्यात अर्थ नव्हता. मी आखलेला कार्यक्रम बाजूला ठेवला आणि नंबर थिअरीपासून, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गणितापासून, सुरुवात केली. तिला कॅल्क्युलस लागत नाही. भागाकार आला की पुरतो.

पुढच्या शनिवारी मी फळ्यावर नारळ मांडले. पाडेली नारळ पाडून गेला आहे. आजोबांनी सात-सातचे वाटे घातले तर तीन उरतात, अकरा-अकराचे घातले तर पाच उरतात. ढिगात नारळ किती? दोन मिनिटांत उत्तर आलं, अडतीस. सगळ्यांनी यादी करून शोधलं होतं. दुसरं उत्तर? एकशे पंधरा. तिसरं? एकशे ब्याण्णव. दर वेळी सत्याहत्तर मिळवायचे, हे बोरीच्या मुलीच्या लक्षात आलं. ती अकरावीत होती, वयाने सगळ्यांत लहान.

"मधे दुसरं उत्तर नाही कशावरून?"

सावईचा मुलगा म्हणाला, दोन उत्तरांची वजाबाकी केली तर उरलेल्या संख्येला सातानेही भाग जाणार आणि अकरानेही, म्हणजे सत्याहत्तरने जाणारच. मी विचारलं, जाणारच कशावरून? तो म्हणाला, "तें दिसता न्ही, टीचर!"

मग मी सात आणि अकरा पुसून सहा आणि दहा लिहिले. तीसला सहाने भाग जातो, दहाने जातो. साठने जातो का? लॅबमध्ये सगळे गप्प झाले. एका क्षणापूर्वी जे सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं ते खोटं निघालं होतं. बोरीची मुलगी फळ्याकडे बघत हळूच म्हणाली, "पूण कित्याक?" पण का? पुढे वर्षभर हा "कित्याक" आमच्या लॅबमध्ये राहिला.

त्याचं उत्तर मिळायला दोन शनिवार लागले, आणि ते मिळालेलं सगळं इथे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. सात आणि अकरा यांच्या पटींची वजाबाकी करून एक मिळवता येतो : बावीस वजा एकवीस. आता समजा एका संख्येला सातानेही भाग जातो, अकरानेही. तिला न म्हणू. न म्हणजे ७प, आणि न म्हणजेच ११फ. बावीस वजा एकवीस म्हणजे एक, म्हणून न = २२न − २१न. पहिल्या न च्या जागी ७प ठेवा, दुसऱ्याच्या जागी ११फ. २२ × ७प म्हणजे ७७ × २प. २१ × ११फ म्हणजे ७७ × ३फ. झालं! दोन्हीकडे सत्याहत्तर आला. सहा आणि दहाच्या पटींची कशीही वजाबाकी केली तरी उत्तर समच येतं, एक कधीच येत नाही, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. बोरीच्या मुलीने बावीस आणि एकवीस स्वतः शोधले. मी फक्त "एक मिळतो का बघ" एवढंच म्हटलं होतं. ती ओळ लिहून झाल्यावर तिने खडू ठेवला नाही, तसाच हातात घेऊन जागेवर जाऊन बसली.

दोन भाजक आणि दोन बाक्या देऊन संख्या शोधण्याची हीच रीत आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात दिली आहे. तिला कुट्टक म्हणतात, कारण मोठ्या संख्या भागून-भागून, जणू कुटून, बारीक करत न्यायच्या. मुलांना हे मी मुद्दाम उत्तरानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्यांनी नाव पाठ केलं असतं.

माझी स्वतःची तयारी कशी केली, हेही लिहायला हवं, कारण असा वर्ग सुरू करायची इच्छा असलेले शिक्षक तिथेच कचरतात. मी ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठातून एमएस्सी केलं. त्या काळात एका उन्हाळ्यात एमटीटीएसलाही जाऊन आले होते. प्रा. कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केलेलं हे गणिताचं उन्हाळी शिबिर, जिथे विद्यार्थ्याला उत्तर न देता प्रश्न विचारत राहतात. पण बावीस वर्षं बारावी शिकवल्यावर ग्रुप थिअरीची व्याख्यासुद्धा मला अडखळत आठवली. माळ्यावरच्या वह्यांना कसर लागलेली. रात्री जेवणं झाली की एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवरची गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जेब्राची व्याख्यानं बघायची, कुठे अडलं की आयआयटींच्या व्याख्यानांच्या एनपीटेलवर तोच भाग शोधायचा. दोन्ही फुकट आहेत. आषाढात वीज गेली की कागद-पेन्सिल आणि मेणबत्ती. इतक्या वर्षांनी पुन्हा विद्यार्थी झाल्याचा जो आनंद मला त्या रात्रींत मिळाला, तो कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळाला नव्हता.

मुलांना मात्र व्हिडिओ आधी दाखवू नयेत, असं माझं ठाम मत झालं आहे. मुलं माना डोलावतात, सगळं समजल्यासारखं वाटतं आणि सोमवारी हातात काही राहत नाही. प्रश्नाशी आठवडाभर झटल्यावर तोच व्हिडिओ दाखवला तर एकेक वाक्य कानात शिरतं.

गृहपाठाचाही एकच नियम होता, आठवड्याला एक प्रश्न. उत्तर पूर्ण वाक्यांत लिहायचं. मी मार्क देत नसे. जिथे पायरी निसटली असेल तिथे लाल पेनने "कित्याक?" लिहून वही परत. सावईच्या मुलाची एक वही पाच वेळा परत गेली. तो चिडला, दोन शनिवार आला नाही, आणि तिसऱ्या शनिवारी सहावी आवृत्ती घेऊन आला. त्यात लाल करायला जागा नव्हती.

सगळे टिकले नाहीत. शिरोड्याच्या मुलाचे वडील मला भेटायला आले. अतिशय सभ्य गृहस्थ, स्वतः दुकान सांभाळतात. त्यांनी विचारलं, "टीचर, हाचे मार्क वाडटले?" मी खरं ते सांगितलं की बोर्डात याचा एकही मार्क मिळणार नाही, आणि जेईईतही सरळ उपयोग थोडाच. त्याच्या कोचिंगवाल्यांनी तर शनिवार बंद करायलाच सांगितलं होतं. मुलगा गेला. घरचा पैसा कोचिंगमध्ये घातलेला असताना वडिलांनी दुसरं काय करायचं? आणखी एक मुलगी रोजच्या बसच्या दगदगीने गळाली. नाखुशीने येऊन बसलेल्या मुलाला हे गणित देऊ नये, हे मात्र मी आता पालकांना आधीच सांगते. आणि आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त मागू नये.

त्या वर्षी आयओक्यूएम, म्हणजे ऑलिम्पियाडच्या वाटेवरची पहिली परीक्षा, रविवारी ८ सप्टेंबरला आली. आदल्या दिवशी चवथ. गोव्यात चवथ म्हणजे काय, हे गोंयकाराला सांगायला नको. बोरीच्या मुलीच्या घरी दीड दिवसांचा गणपती, म्हणजे विसर्जन नेमकं परीक्षेच्या दिवशी. शुक्रवारी रात्री ती गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला कांगलां आणि सुपारीचे घड बांधत होती आणि मधे मधे फोनवर मला मॉड्युलो, म्हणजे बाक्यांचं गणित, विचारत होती. आजीची परवानगी काढायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले. आजी म्हणाल्या, विसर्जन सांजेर, तोवर पोर येईल ना परत? मग जाऊ दे.

तीस प्रश्न, तीन तास, प्रत्येक उत्तर एक पूर्णांक. या परीक्षेच्या अभ्यासक्रमात कॅल्क्युलस नाहीच! संख्या, भूमिती, बीजगणित, मोजणीशास्त्र, बस्स. पालकांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही, कारण कॅल्क्युलस म्हणजे गणिताचं शिखर अशी आपली समजूत आहे. तिची पुढच्या फेरीसाठी निवड झाली नाही. आरतीच्या वेळेला ती घरी पोचली होती, आणि रात्री तिचा मेसेज आला. सत्ताविसावा प्रश्न तिला सुटला नव्हता, पण का सुटला नाही ते आता कळलं होतं, आणि ते तिने दीड पान लिहून पाठवलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही लिनिअर अल्जेब्राकडे वळलो. बारावीच्या मुलांना तीन बाय तीन मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढता येतो. मॅट्रिक्स करते काय, हे विचारलं की ती गप्प होतात. डिटर्मिनंट शून्य आला तर इन्व्हर्स नाही, हे त्यांना नियम म्हणून ठाऊक असतं, वाहतुकीचा नियम ठाऊक असावा तसं.

मडकईच्या मुलाच्या घरी मासेमारीची जुनी जाळी पडलेली असतात. त्याला मी एक तुकडा आणायला सांगितला. लॅबच्या टेबलावर तो पसरला, दोघांनी धरून असा ताणला की प्रत्येक घर चौकोनी झालं. एका गाठीला आम्ही शून्य म्हटलं. तिथून उजवीकडची गाठ आणि वरची गाठ, हे आमचे दोन मूळ सदिश, म्हणजे व्हेक्टर. मग एका मुलाने वरची कड तिरकी ओढली. सगळे चौकोन एकाच वेळी समभुज झाले, एकही घर वेगळं वागलं नाही. दोन गाठी कुठे गेल्या ते सांगा, बाकीच्या शेकडो गाठी कुठे गेल्या ते आपोआप कळतं. मॅट्रिक्सचे दोन स्तंभ म्हणजे त्या दोन गाठींचे नवे पत्ते. एवढंच.

"आणखी ओढ," मी म्हटलं. घरं अरुंद होत गेली. बाजूंची लांबी तीच, पण आतली जागा कमी. डिटर्मिनंट तीच जागा मोजतो. शेवटी जाळं मिटून दोरीसारखं झालं. मडकईचा मुलगा त्या दोरीकडे बघत म्हणाला, "टीचर, डिटर्मिनंट शून्य जालो!" आणि लगेच, कोणी न विचारता, "आतां परत उकतें करूंक मेळचें ना." आता परत उघडता येणार नाही. वर ओढलेली गाठ आणि उजवीकडची गाठ आता एकावर एक बसल्या होत्या. दोन वेगळे बिंदू एकाच जागी आले, मग परत जाताना कोण कुठला हे कसं सांगणार? इन्व्हर्स नाही, याचा अर्थ तो. दोरी त्याच्या मुठीत होती. हाताचं जाळं उघडतं, मॅट्रिक्स मिटली की उघडत नाही, हा फरकही त्यानेच सांगितला.

त्याच महिन्यात आयगेनव्हेक्टरपर्यंत, म्हणजे मॅट्रिक्स ज्यांना आपल्याच रेषेत ठेवते अशा सदिशांपर्यंत, पोचलो, तेव्हा मी दामोदर धर्मानंद कोसंबींची गोष्ट काढली. मुलांना ते इतिहासकार म्हणून नावापुरते माहीत होते. १९०७ साली आपल्या गोव्यात जन्मलेला हा माणूस पेशाने गणितज्ञ. जनुकांमधली अंतरं मोजायला १९४४ साली त्यांनी दिलेलं सूत्र आजही कोसंबी मॅप फंक्शन म्हणून वापरतात. १९४३ साली त्यांनी मांडलेली आणखी एक कल्पना आज प्रामुख्याने कार्हुनेन आणि लोएव या दोघांच्या नावाने शिकवली जाते. गुंतागुंतीची, यदृच्छेने हलणारी राशी घ्यायची आणि तिच्या स्वतःच्या दिशा शोधून त्या दिशांत ती उलगडायची. म्हणजे आयगेनव्हेक्टरच, फक्त फंक्शन्सच्या अनंत मितींच्या जगात. एरवी "हाचो उपेग कितें?" म्हणणारी मुलं त्या दिवशी तसं म्हणाली नाहीत.

जानेवारीत, बोर्डाची तयारी डोक्यावर आलेली असताना, मी शेवटचे दोन शनिवार ॲनालिसिससाठी, म्हणजे कॅल्क्युलसचा पाया तपासण्यासाठी, ठेवले. सावईच्या मुलासाठी ठेवले, असंच म्हणा ना. क्षचा वर्ग वजा दोन, हे फंक्शन घ्या. एकला ऋण, दोनला धन. मधे कुठेतरी शून्य होणारच?

"जाताच, टीचर. ग्राफ आस ओलांडता."

आता फक्त अपूर्णांकांचं जग घ्या. क्ष अपूर्णांकच असला पाहिजे. फंक्शन तेच, तितकंच सलग. आता शून्य कुठे होतं? दोनाचं वर्गमूळ अपूर्णांक नाही हे त्याने नवव्या इयत्तेत शिकलेलं होतं. ग्राफ आसाच्या खालून वर जातो आणि आसाला कुठेच भेटत नाही! त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग म्हणाला, "मग आम्ही दोन वर्षं जे केलं, ते सगळं कशावर उभं होतं?" मराठीत म्हणाला. घरी तो मराठीत बोलतो, वर्गात कोंकणीत. त्या दिवशी नकळत घरची भाषा आली असावी.

वास्तव संख्यांत फट नसते, या एका गोष्टीवर ते उभं आहे, आणि ती गोष्ट बारावीच्या पुस्तकात कुठेही लिहिलेली नाही. ती नीट सांगायला दोन शनिवार अपुरे पडले, ही माझी खंत आहे. यंदा हाच प्रश्न मी दिवाळीआधी घेतला.

मे महिन्यात सावईच्या मुलाने आयएसआयची, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेची, प्रवेशपरीक्षा दिली. तिथला दुसरा पेपर लिहून सोडवायचा, आठ प्रश्न, सिद्धतांसकट. दोन पूर्ण लिहिले, एक अर्धा. प्रवेश मिळाला नाही. आता तो इथेच बीएस्सीला गणित घेऊन आहे. मडकईचा मुलगा इंजिनीअरिंगला गेला. बोरीची मुलगी यंदा बारावीत आहे आणि शनिवारी नव्या सहा जणांच्या वह्या माझ्याआधी तीच तपासते, स्वतःचं लाल पेन आणून.

गेल्या बुधवारी रात्री सावईच्या मुलाचा फोटो आला. वहीचं पान, सुबक अक्षर, खाली एक प्रश्न. सलग असलेलं पण कुठेच डेरिव्हेटिव्ह नसलेलं फंक्शन असतं, हे त्याला कॉलेजात सांगितलंय. १८७२ साली वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने दाखवलं, इतकंच त्याला माहीत आहे. सिद्धता वाचायच्या आधी स्वतः असं एखादं रचून बघायचं आहे म्हणतो, जाळ्याची घरं बारीक बारीक करत जाऊन. जमेल का, टीचर? माझ्या वहीत त्याची दोन पानं झाली आहेत. तिसऱ्यावर अडले आहे.